शिळी पेस्ट्री, कोरडे उत्तर आणि ग्राहकाचा हक्क

हैदराबाद शहराची ओळख बिर्याणीइतकीच बेकरीनेही घडवली आहे. इराणी चहासोबत खाल्ले जाणारे, किंचित गोड आणि किंचित खारट असे उस्मानिया बिस्किट निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावाशी जोडले गेले आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी या शहरात बेकरीचा व्यवसाय उभारला आणि फळांचे तुकडे घातलेली इथली बिस्किटे प्रवाशांच्या सामानातून देशभर पोहोचली. अशा शहरातल्या बेकरीत निराशा पदरी पडली, तर ती अधिकच जाणवते.

काही काळापूर्वी हैदराबादमधील नातेवाइकांकडे वाढदिवसाच्या निमित्ताने जाणे झाले. गल्लीच्या तोंडावरच्या बेकरीतून अर्धा डझन पेस्ट्री आणल्या. वरचे क्रीम पांढरेशुभ्र आणि आतला स्पंज मात्र इतका कोरडा, की चमच्याने तो तुटण्याऐवजी भुगा होऊन पडत होता. खोका घेऊन परत गेलो. गल्ल्यावरच्या तरुणाने मोबाइलमधून डोके वर न काढता भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवले : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ पावती मागितली, तेव्हा ‘एवढ्याशा खरेदीला पावती कशाला?’ असा उलट प्रश्न आला. हा अनुभव गोव्यातील वाचकांनाही अपरिचित नसेल. म्हणूनच त्यामागची दोन कारणे समजून घेणे उपयोगाचे आहे. एक पदार्थाचे आणि दुसरे व्यवहाराचे.

पेस्ट्री हा मुळातच अडचणीचा पदार्थ आहे. भाजताना पिठातील स्टार्च पाणी शोषून मऊ होतो. थंड झाल्यावर त्याचे रेणू पुन्हा घट्ट रचले जातात आणि स्पंज कडक होऊ लागतो. ही क्रिया फ्रिजच्या तापमानाला सर्वाधिक वेगाने होते. उलट क्रीमला थंडावा अनिवार्य असतो. उष्णतेत ते वितळते आणि त्यात जिवाणू वाढतात. म्हणजे क्रीम वाचवावे तर स्पंज वाळतो आणि स्पंज जपावा तर क्रीम बिघडते. साखर, स्निग्धांश आणि पाकाचा ओलावा ही क्रिया लांबवतात, थांबवत नाहीत. थोडे करावे आणि लवकर विकावे, हाच त्यावरचा प्रामाणिक उपाय.

यात आणखी एक भर पडली आहे. स्वस्त पेस्ट्रीवर अनेकदा दुधाची साय नसते, तर वनस्पती तेलापासून बनवलेले, फेटून फुलवलेले मिश्रण असते. ते दुधाच्या क्रीमपेक्षा अधिक काळ आकार टिकवते. परिणामी आतला स्पंज शिळा झाला तरी वरची सजावट ताजी दिसत राहते. काचेच्या कपाटात दिसणारे रूप हा ताजेपणाचा पुरावा नव्हे, हे ग्राहकाने ओळखले पाहिजे. ‘आज केली की काल?’ हा साधा प्रश्न विचारण्यात संकोच नसावा.

आता व्यवहाराकडे वळू. ‘माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी म्हणजे कायदा नव्हे. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार सदोष वस्तू परत घेण्यास किंवा तिचे पैसे परत करण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पावतीवर मुदत छापलेली नसेल, तर ती 30 दिवसांची मानली जाते. अर्थात नाशवंत पदार्थ महिनाभराने परत नेणे कोणालाही पटणार नाही. तक्रार त्याच दिवशी करणे योग्य. विकलेल्या मालाची पावती न देणे हीदेखील याच कायद्याने अनुचित प्रथा ठरवली आहे. 1 जानेवारी 2022 पासून खाद्यविक्रेत्यांना पावतीवर अन्नसुरक्षा परवान्याचा किंवा नोंदणीचा 14 अंकी क्रमांक छापणे बंधनकारक आहे. त्यामुळे पावती हा किरकोळ कागद राहत नाही. विक्रेता कोण, खरेदी केव्हाची आणि जबाबदारी कोणाची, हे तीनही प्रश्न ती एकटी सोडवते.

बेकरीचालक दाद देत नसेल, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तेथे शुल्क नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करता येते. पदार्थ केवळ बेचव नसून दूषित असल्याचा संशय असेल, तर प्रश्न अन्नसुरक्षेचा होतो. अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, 2006 च्या कलम 40 नुसार शुल्क भरून आणि विक्रेत्याला तशी कल्पना देऊन सामान्य खरेदीदारही पदार्थाची तपासणी अन्न विश्लेषकाकडून करून घेऊ शकतो. गोव्यात अशा तक्रारींसाठी अन्न व औषध प्रशासन संचालनालय आहे.

हा प्रश्न क्षुल्लक नाही, हे तेलंगणाने अनुभवले आहे. तेथील अन्नसुरक्षा विभागाच्या पथकांनी 2024 मध्ये हैदराबादमधील अनेक खाद्यालयांची तपासणी केली. त्याच वर्षी 30 ऑक्टोबरला कच्च्या अंड्यापासून बनवलेल्या मेयोनीजवर राज्यात एक वर्षाची बंदी घालण्यात आली. सँडविच आणि रोलमधून हा पदार्थ बेकरीतही सर्रास पोहोचलेला होता.

तरीही प्रत्येक वाळलेल्या पेस्ट्रीसाठी आयोगाची पायरी चढावी, असे कोणी म्हणणार नाही. शेजारची बेकरी मुळात परिचयावर चालते. गोव्यात पहाटे सायकलचा भोंपू वाजवत येणारा पोदेर याचे उत्तम उदाहरण. काल पोळी कडक निघाली, हे त्याला आज दारातच सांगता येते आणि उद्या पुन्हा त्याच दारात यायचे असल्याने तो ते ऐकूनही घेतो. गल्ल्यामागचा माणूस पगारी आणि रोज बदलणारा झाला, की हा धागा तुटतो. आपली चूक मान्य करण्याचा अधिकारच त्याच्याकडे नसतो. मालकाने तो अधिकार त्याला दिला आणि एक पेस्ट्री बदलून देण्याची मुभा ठेवली, तर नुकसान काही रुपयांचे होईल. परत येणारा ग्राहक मात्र टिकेल. आणि ग्राहकाने? पावती मागून घ्यावी, तक्रार शांतपणे पण त्याच दिवशी करावी आणि पाटीसमोर मुकाट्याने माघारी फिरू नये.