तेरच्या मातीतले मूर्तिकार

श्रोतेहो, गोरोबाकाकांचे नाव ठाऊक नाही असा माणूस आपल्या धाराशिव जिल्ह्यात सापडायचा नाही. तेरणेच्या काठी, तेर गावी त्यांची समाधी आहे. मडके वाजवून पाहावे तशी त्यांनी थापटण्याने संतांची डोकी वाजवून पाहिली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ही कथा आपण कीर्तनात ऐकलीच असेल. पण गोरोबाकाकांच्याही हजारएक वर्षे आधी याच गावात मातीचे मोठे कसबी कारागीर होऊन गेले. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. त्यांचे काम तेवढे मागे उरले.

तो सातवाहनांचा काळ. तेरला तेव्हा तगर म्हणत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात या तगरचा उल्लेख आहे. पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर हे गाव असून तेथले कापड गाड्यांतून भडोच बंदराला जाते, असे त्यात म्हटले आहे. अशा भरल्या बाजारपेठेत मूर्ती करणाऱ्यालाही गिऱ्हाईक मिळे.

आता हे काम कसे चाले ते पाहू. आपली काळी माती वाळताना भेगाळते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. नुसत्या त्या मातीची नाजूक मूर्ती टिकत नाही. तेरच्या पुष्कळ मूर्ती केओलिन नावाच्या बारीक पांढऱ्या मातीच्या आहेत. साध्या मातीत लोह असते, म्हणून ती भाजली की तांबडी होते. केओलिनमध्ये लोह फार थोडे, म्हणून तिचा रंग फिकाच राहतो.

मूर्ती चाकावर होत नसे. तिला दोन साचे लागत, एक पुढच्या अंगाचा, एक पाठीचा. दोन्हींत मातीचा पातळ थर बोटांनी दाबून बसवायचा, कडांना पातळ चिखल लावून दोन्ही भाग जोडायचे आणि सांध्यावरची जादा माती कापून काढायची. मूर्ती आतून पोकळ राही. त्यामुळे ती हलकी होई आणि सगळीकडून सारखी भाजे. मात्र आतली वाफ बाहेर पडायला वाट हवी, नाहीतर भट्टीत मूर्ती फुटायचीच. केसांची ठेवण, कानांतले दागिने, गळ्यातल्या माळा, सारे त्या साच्यातूनच उमटे.

हे धन आज पाहायला मिळते ते तेरच्याच एका रहिवाशामुळे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात, पांढरीत सापडलेल्या वस्तू वर्षानुवर्षे जमवल्या. तो संग्रह पुढे शासनाकडे आला आणि तेरच्या शासकीय वस्तुसंग्रहालयाला त्यांचेच नाव दिले गेले. तेथे हस्तिदंताची एक सुरेख स्त्रीमूर्तीही आहे. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पाँपेई शहरात सापडली. ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे तिथली मूर्ती त्याआधीची हे नक्की. मूर्ती कुठे सापडली हे ठाऊक होते, म्हणूनच तिचा काळ कळला.

मंडळी, सांगायचे आहे ते हेच. नांगराच्या फाळाला खापराचा तुकडा, मातीचे मुंडके लागले, तर ते बांधावर फेकू नका, की फिरत्या विकत्यालाही देऊ नका. जागा सोडून गेलेली वस्तू मुकी होते. कुठे, किती खोल, कशाशेजारी सापडली ते टिपून ठेवा आणि तलाठ्याला किंवा संग्रहालयाला कळवा.

आणि गुरुजींना एक विनंती. मुलांना एकदा तेरला न्या. परत आल्यावर शाळेतच दोन साचे करून एक पोकळ बैल करवून पाहा. पहिला बहुधा फुटेल. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराची थोरवी मुलांना तेव्हा न सांगता कळेल.