लॅपटॉप की डेस्कटॉप? आधी खोली मोजा

बारावीचा निकाल लागला की मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटरच्या दुकानांत आई-वडिलांसोबत आलेली मुलं दिसू लागतात. (रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण ते सांगून टॅक्सीवाला नेईलच असं नाही.) दुकानदार आधी बजेट विचारतो. तुम्ही त्याआधी स्वतःला विचारा, अभ्यासाला बसणार कुठे?

लालबाग-परळच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसं असली, तर संध्याकाळी टीव्ही आणि कुकरच्या मध्ये डेस्कटॉपसमोर बसवत नाही. मुलं अभ्यासिका गाठतात, कॉलेजच्या वाचनालयात जातात. कला, वाणिज्य, विज्ञान शिकणाऱ्या बहुतेकांचा प्रश्न इथेच मिटतो: लॅपटॉप घ्या. वजन दीड किलोच्या आसपास असू द्या, कारण दादरला गाडी बदलताना ते तुमच्याच खांद्यावर असणार आहे.

वास्तुकला, अ‍ॅनिमेशन, व्हिडिओ संपादन शिकणाऱ्यांनी मात्र थांबावं. प्रोसेसरचं नाव दोन्हीकडे सारखं दिसलं तरी काम सारखं होत नाही. पातळ लॅपटॉपमधला प्रोसेसर साधारण १५ वॉटवर चालतो, डेस्कटॉपमधला ६५ किंवा जास्त वॉटवर. एवढ्याशा जागेतून उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून लॅपटॉप तापला की आपला वेग आपणच कमी करतो. टायपिंग करताना हे जाणवतही नाही; तासभर रेंडर लावला की जाणवतं, आणि मे महिन्यात पोटमाळ्यावर तर फारच. शिवाय डेस्कटॉपचा बिघडलेला भाग तेवढाच बदलता येतो. अनेक लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. तेव्हा प्रोग्रामिंग करायचं असेल तर १६ जीबी सुरुवातीलाच घ्या.

विजेचा हिशेब किरकोळ आहे. मॉनिटरसह १०० वॉट धरले, तर रोज पाच तासांचे महिन्याला १५ युनिट. लॅपटॉपला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतके. जुन्या चाळीतलं वायरिंग ही मोठी गोष्ट. अर्थिंग नसेल तर डेस्कटॉपच्या कॅबिनेटला हात लावताच मुंग्या येतात. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, मग दुकानात जा.

माझं मत विचाराल तर मधला मार्ग चांगला: बरा लॅपटॉप, आणि घरी भिंतीला ठोकलेला २२ इंची मॉनिटर. एचडीएमआय केबल लावली की झालं. वापरलेला मॉनिटर घ्यायलाही हरकत नाही, फक्त पडदा पूर्ण पांढरा करून डाग तपासा.

डेस्कटॉपच घ्यायचा ठरला आणि तो सुटे भाग जोडून बनवून घेतलात, तर प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते. रॅमपासून एसएमपीएसपर्यंत (वीज पुरवणारा भाग) प्रत्येकाचा सीरियल नंबर बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.