जोतिबाचा डोंगर आणि पायथ्याचं रान

चैत्री यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर लाखोंची गर्दी होते. डोंगराच्या पोटातलं पाणी आटत चाललेलं असतं, तेही याच सुमाराला. तरीही बाहेरचा माणूस हमखास म्हणतो, “कोल्हापूरला पाण्याची काय कमी?”

हा समज नदीकाठ पाहून झालेला आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांची मिळून पंचगंगा होते. १९०७ साली राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरीच्या धरणाचा संकल्प केला आणि पुढं त्या पाण्यावर ऊस उभा राहिला. पण याच जिल्ह्यात गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर शिरोळला पाचशेच्या आसपास. पन्हाळा तालुका मध्ये कुठंतरी. त्यातही वाडी रत्नागिरीच्या, म्हणजे जोतिबाच्या डोंगराच्या, उतारावरची वरकस जमीन नदीपेक्षा कितीतरी उंचावर आहे. खाली नदी दिसते, पण तिचं पाणी वर आणायचं तर मोटर, पाइप आणि विजेचं बिल. तिथल्या पिकाला आधार असतो तो चार महिन्यांत मातीत आणि डोंगरात मुरलेल्या पाण्याचा.

ते मुरणं सर्वांत जास्त बिघडवतो वणवा, आणि त्याच्यामागं एक जुना समज आहे: डोंगर पेटवला की गवत जोमानं येतं. जाळल्यावर हिरवे कोंब लवकर दिसतात हे खरं आहे, म्हणून तर हा समज टिकला. वाळलेल्या काडीचा थर जळून गेला की उजेड थेट बुडख्यापर्यंत पोचतो आणि बारमाही गवत मुळांत साठवलेल्या अन्नावर कोंब फेकतं. नवीन काही मिळालेलं नसतं, घरातली ठेव मोडून खर्च चाललेला असतो. राखेत पालाश आणि चुना उरतो, पण नत्राचा मोठा भाग धुरातून हवेत जातो. उतार दरवर्षी पेटत राहिला की मारवेल, पवना यांसारखी जनावरं आवडीनं खातात ती गवतं मागं पडतात आणि आग सोसणारं कुसळी पसरतं. म्हणजे ज्या वैरणीसाठी काडी लावली, तीच हलकी होते.

त्याहून मोठं नुकसान वळवाच्या पावसात होतं. आच्छादन नसलेल्या मातीवर टपोरे थेंब आपटतात, बारीक कण उडून मातीची छिद्रं बुजतात आणि पाणी मुरायचं सोडून धावू लागतं. पन्हाळ्यापासून मसाईच्या पठारापर्यंत माथ्यावर जांभा आणि खाली काळा कातळ आहे. जांभ्यातून झिरपलेलं पाणी खालच्या घट्ट थराला अडतं आणि कडेला झऱ्याच्या रूपानं बाहेर येतं. उतारावर मुरलेलं पाणीही असंच हळूहळू पायथ्याच्या विहिरींकडं सरकतं. वर जळालेल्या गवताची किंमत अशी खालच्या विहिरीत मोजावी लागते. दिवाळीनंतर गवत कापून घेतलं आणि मोक्याच्या जागी जाळरेषा काढल्या, तर वैरणही हाती येते आणि डोंगरही वाचतो. हे काम एकट्याचं नाही, गावानं मिळूनच करायचं आहे.

“झाडं लावली की पाणी येतं” हे वाक्य वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात हमखास ऐकू येतं. पण वीतभर माती असलेल्या कातळावर गवतच माती धरतं. तिथलं गवत उपटून खड्डे मारणं हा तोटाच. आणि जिथं जुन्या झाडांचे बुडखे जिवंत आहेत, तिथं आग आणि चराई थांबवली तर रोपं न लावताही झाडी परत उभी राहते.

शेतातला बांधही असाच गैरसमजाचा बळी आहे. बांध म्हणजे वाया गेलेली जागा, असं मानून दरवर्षी नांगराचा एकेक तास त्यात घुसतो. चढावरच्या शेतात तो बांध पाण्याचा वेग मोडतो आणि वाहून येणारी माती अडवतो. त्यावरच्या गवता-झुडपांत पिकावरचे किडे खाणारे कोळी आणि मित्रकीटक राहतात, जनावराला ओला चारा मिळतो. बांध कोरून मिळालेली हातभर जमीन एका मोठ्या पावसात बांध फुटून गमावलेल्या मातीची भरपाई करू शकत नाही. तरी यावरून भावाभावांत कोर्टकज्जे चालतात, याचं फार वाईट वाटतं.

भाताबद्दलचा समज तर इथल्याच शेतकऱ्यानं पूर्वीपासून खोडलेला आहे. भाताला पाणी साठवलेला वाफा हवाच, असं नाही. साठलेल्या पाण्याचा मुख्य उपयोग तण दाबण्यासाठी होतो. पन्हाळा, शाहूवाडी भागात रोहिणीत कोरड्या मातीत कुरीनं भात पेरतात. ही धूळवाफ पेरणी. मिरगाच्या पावसावर उगवण होते, चिखलणी लागत नाही, मातीचा पोत मोडत नाही आणि कापणीनंतरच्या ओलीवर हरभरा घेता येतो. तणाचा त्रास मात्र खरा आहे. कोळपणी करावी लागते आणि भांगलणीचं ओझं बहुतेक बायकांवर पडतं. ही पद्धत टिकवायची तर त्या कष्टावर चांगली अवजारं शोधणं हे कृषी खात्याचं पहिलं काम असायला हवं.

उसाच्या बाबतीत “जेवढं पाणी तेवढा उतारा” या समजाचा निकाल शिरोळ तालुक्यात लागलेला आहे. अतिपाण्यानं तिथली काळी जमीन क्षारपड झाली आणि शिरोळच्या दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून ती पुन्हा पिकाखाली आणावी लागत आहे. पाचट जाळण्याचंही तसंच. एका हेक्टरात आठ-दहा टन पाचट निघतं आणि त्यात चाळीस किलोच्या आसपास नत्र असतं. खोडव्यात ते सरीत पसरलं तर ओल टिकते आणि तण कमी होतं. कोल्हापूरचे शेतकरी-लेखक प्र. र. चिपळूणकर तर नांगरट टाळून आधीच्या पिकाची मुळं जागेवरच कुजू द्यावीत, असं अनुभवातून मांडत आले आहेत.

राहिली बोअर आणि शेततळी. काळ्या कातळात खोल गेलं की पाणी लागतंच, असं नाही. पाणी झिजलेल्या थरांत आणि भेगांत असतं. खालची भेग उपसली की वरच्या विहिरीचं पाणी तिकडं ओढलं जाऊ शकतं. महाराष्ट्राच्या भूजल अधिनियमानं साठ मीटरच्या पुढची विहीर ‘खोल विहीर’ म्हणून वेगळी धरली, ती याच काळजीपोटी. प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं पाणी साठवतं, मुरवत नाही. ते ओढ्याच्या पुरातून भरलं तर सोय आहे. विहीर उपसून भरलं, तर शेजाऱ्यांच्याही वाट्याचं भूजल उघड्यावर आणून त्यातलं काही उन्हाला देणं झालं.