खेळ कुणाचा, डोके कुणाचे?

सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी बारानंतर गल्लीत चिटपाखरू फिरकत नाही. आमच्या लहानपणी अशा वेळी ओट्याच्या सावलीला गोट्या नाही तर कॅरम मांडला जाई. हल्लीची मुले मोबाईल किंवा संगणक घेऊन बसतात. खेळ बदलला, भांडण मात्र तेच राहिले : "तू रडी खेळलास!"

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत असेच एक भांडण जुंपले. नववीतली दोन मुले. एकाचे वडील यंत्रमागावर कामाला, दुसऱ्याची आजी विड्या वळणारी. दोघेही बुद्धिबळाचे वेडे. पट मांडून समोरासमोर बसले की यंत्रमाग कामगाराचा मुलगा हमखास जिंकतो. पण अभ्यासिकेतल्या दोन संगणकांवर खेळू लागले तेव्हा तोच मुलगा सलग सहा डाव हरला. सातव्या डावाला तो गुपचूप उठून मित्राच्या पाठीमागे गेला. पाहतो तर पडद्यावरच्या पटावर एक हिरवा बाण! कोणते मोहरे कोणत्या घरात न्यावे, हे तो बाणच दाखवत होता.

"मी कुठं चीटिंग केलो बे? ब्राउझरमध्येच मिळतंय ते. तूपण टाक की!" असा त्याचा बचाव. आम्ही मध्ये पडलो. भांडण मिटवायला गेलो खरे, पण मुलाचा प्रश्न आम्हांलाही निरुत्तर करून गेला. जे कुणालाही फुकट मिळते, ते वापरले तर ती लबाडी कशी?

बाण येतो कुठून?

ज्या प्रोग्रामच्या खिडकीतून आपण इंटरनेट पाहतो तो ब्राउझर. क्रोम, फायरफॉक्स ही नावे घरोघरी माहीत आहेत. या ब्राउझरला लहानसहान जोड लावता येतात. कुणी अक्षरे मोठी करतो, कुणी मजकूर वाचून दाखवतो, कुणी जाहिराती अडवतो. त्यांतच पटावरची स्थिती वाचून उत्तम चाल सुचवणारेही जोड असतात. त्यांच्या मागे बुद्धिबळ खेळणारा संगणकी मेंदू असतो. १९९७ साली 'डीप ब्लू' या संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवले होते. आज फुकट मिळणारा 'स्टॉकफिश' हा प्रोग्राम साध्या संगणकावर चालतो आणि कोणत्याही जगज्जेत्यापेक्षा सरस खेळतो. म्हणजे बाण वापरणारा मुलगा स्वतः खेळतच नव्हता. तो फक्त हमाली करत होता.

कच्चा लिंबू आणि टॅम्प्लीज

आपल्या जुन्या खेळांत या प्रश्नाचे उत्तर आहे. लपंडावात लहान भावंड असले की त्याला 'कच्चा लिंबू' म्हणत. तो सापडला तरी त्याच्यावर राज्य येत नसे. ही सवलतच होती, पण कुणी तिला लबाडी म्हटले नाही, कारण ती डाव सुरू होण्याआधी सर्वांसमोर ठरलेली असे. चप्पल तुटली की 'टॅम्प्लीज' म्हणून थांबता येई. पण पकडले जाण्याच्या क्षणी कुणी टॅम्प्लीज म्हटले तर सगळे ओरडत, "रडी!" शब्द तोच, वागणेही तेच, तरी एक न्याय्य आणि दुसरे लबाडी. फरक आधी ठरवण्यात आणि उघडपणे करण्यात होता.

ब्राउझरच्या साधनांनाही हीच कसोटी लावता येते. नजर अधू आहे म्हणून पट मोठा केला, रंग गडद केले, इंग्रजी सूचना मराठीत करून घेतल्या, तर त्यात लबाडी नाही. चष्मा लावून खेळण्यासारखेच ते आहे. काही साधनांचे उत्तर मात्र खेळागणिक बदलते. इंटरनेटवर एकेका चालीला दिवस-दिवस वेळ देणारे बुद्धिबळ खेळले जाते. तिथे सुरुवातीच्या चालींची पुस्तके पाहण्यास मुभा असते, संगणकाला चाल विचारण्यास नसते. दहा मिनिटांच्या डावात दोन्हीही चालत नाही. डाव संपल्यावर मात्र तोच संगणक उघडून आपले चुकले कुठे ते पाहावे. तेव्हा तो शिक्षक असतो. तेच डाव चालू असताना केले तर परीक्षेत कॉपी.

एकट्याच्या खेळाचे काय? इंटरनेट बंद पडले की क्रोममध्ये उड्या मारणारा डायनासोर मुलांना ठाऊक आहे. ब्राउझरमध्येच असलेल्या साधनाने त्याचा प्रोग्राम थोडा बदलला की तो मरतच नाही. यात कुणाचे नुकसान? कुणाचेच नाही. उलट प्रोग्राम कसा चालतो हे मुलाला कळते, त्याला शाबासकीच द्यावी. 'कुकी क्लिकर' या खेळात तर अशी खटपट करून बिस्किटे वाढवणाऱ्याला खेळच एक गमतीदार बिल्ला देतो, की लबाडीच्या बिस्किटांची चव वाईट! परंतु तोच फुगवलेला आकडा मित्रांना दाखवून "बघा, मी किती खेळलो" असे सांगितले, की त्याच क्षणी एकट्याची गंमत थाप बनते. मुसावादापासून अलिप्त राहण्याचे शील आपण रोज म्हणतो. ते पडद्यापुढे सुटत नाही.

मोठ्यांचीही चूक

हा दोष लहान मुलांचाच आहे असे नव्हे. १३ जून २०२१ रोजी कोविड मदतनिधीसाठी विश्वनाथन आनंद यांनी नामवंत मंडळींशी इंटरनेटवर बुद्धिबळाचे डाव खेळले. त्यांत उद्योजक निखिल कामत यांनी आनंद यांना हरवले. पाच वेळच्या जगज्जेत्याला हौशी खेळाडूने हरवावे, हे पाहणाऱ्यांना पटेना. खेळ चालवणाऱ्या चेस डॉट कॉमने कामत यांचे खाते बंद केले. दुसऱ्या दिवशी कामत यांनी माणसांची आणि संगणकाची मदत घेतल्याचे कबूल करून माफी मागितली. पुढे त्यांचे खाते पुन्हा सुरू झाले. आनंद यांनी आपण पटावरची स्थिती पाहून खेळलो, इतरांकडूनही तीच अपेक्षा होती, एवढेच सांगितले. डाव देणगीसाठी होता, कामत यांना त्यात गंमत वाटली असेल. पण समोरच्याला ती ठाऊक नव्हती, म्हणून ती गंमत राहिली नाही.

आता दुसरे उदाहरण पाहा. ३० ऑगस्ट २०२० रोजी इंटरनेटवर झालेल्या बुद्धिबळ ऑलिंपियाडचा अंतिम सामना भारत आणि रशिया यांच्यात होता. दुसऱ्या फेरीत निहाल सरीन आणि नागपूरची चौदा वर्षांची दिव्या देशमुख यांचे इंटरनेट तुटले आणि वेळ संपल्यामुळे दोघांचे डाव गेले. घड्याळाप्रमाणे भारत हरला होता. पण दोष मुलांचा नव्हता. भारताने दाद मागितली आणि जागतिक बुद्धिबळ महासंघाने दोन्ही देशांना विजेते ठरवले. हे खरेखुरे टॅम्प्लीज! याच दिव्याने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. समोरासमोर, पटावर बसून.

संशयाचे दुखणे

लबाडी कशी पकडली जाते? खेळाडूच्या चाली संगणकाच्या चालींशी सारख्या जुळतात का, सोप्या आणि अवघड चालीला तो सारखाच वेळ घेतो का, डाव चालू असताना दुसरी खिडकी उघडतो का, हे तपासले जाते. मोठ्या स्पर्धांत कॅमेऱ्यासमोर बसावे लागते.

पण संशय ही दुधारी गोष्ट आहे. गरिबाच्या पोराने चांगले गुण मिळवले, की "कॉपी केली असेल" म्हणणारी तोंडे आम्ही पाहिली आहेत. ती सल आपल्या घराघरांत आहे. म्हणून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. कुणी एक डाव चांगला खेळला म्हणून त्याला लबाड ठरवू नका. आणि आपल्या मुलांना हेही सांगा, की एकदा बाण वापरला तर पुढचे शंभर खरे विजयही लोक खरे मानणार नाहीत. कष्टाने मिळवलेले नाव सहा डावांसाठी घालवू नये.

घरच्या पैशाची गोष्ट

पालकांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. असे जोड लावताना ब्राउझर विचारतो, की सर्व संकेतस्थळांवरची तुमची माहिती या जोडाला वाचू आणि बदलू द्यायची का? मुलगा न वाचताच होय म्हणतो. मग बुद्धिबळाचा बाण दाखवणारा जोड त्याच ब्राउझरमध्ये टाकलेला बँकेचा पासवर्डही वाचू शकतो. मोबाईलवर भलत्या ठिकाणाहून उतरवलेल्या 'सगळे कुलूप उघडलेल्या' खेळांचेही तसेच. ज्या मोबाईलवर आठवड्याचा पगार जमा होतो, त्यावर असले खेळ नकोत. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला आहे, हेही मुलांना सांगावे. पैसे गेलेच तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

तीन प्रश्न

त्या दोन मुलांना आम्ही तीन प्रश्न लिहून दिले. समोरच्याला हे साधन माहीत आहे का? तो मागे येऊन उभा राहिला तर खिडकी झाकावीशी वाटेल का? आणि चाल सुचली ती कुणाच्या डोक्यातून?

बाणवाला मुलगा बराच वेळ कागदाकडे पाहत बसला. घरी त्याने आजीला सगळे सांगितले. आजीला ब्राउझर ठाऊक नाही. ती एवढेच म्हणाली, "हजार म्हणून नऊशे विड्या दिल्या तर चालंल का रं? मोजणारा बघंल न बघंल, आपल्याला तर ठावं असतंय."

दुसऱ्या दिवशी त्याने मित्रासमोरच तो जोड काढून टाकला. मग दोघांनी पट मांडला. तो दोन डाव हरला आणि तिसरा बरोबरीत सुटला. त्या बरोबरीचा आनंद त्याच्या तोंडावर असा होता, की सहा विजयांनंतरही आम्ही तो पाहिला नव्हता.