तान्ह्या बाळाची उचकी

दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाचे नीट निरीक्षण केले, तर थोड्या वेळाने लागणाऱ्या उचकीची तयारी तिथेच चाललेली दिसते. भुकेने रडून रडून थकलेले बाळ स्तन पुरता तोंडात न घेता घाईघाईने ओढू लागते, ओठांच्या कडेने चुटचुट आवाज येतो आणि घोटाघोटाबरोबर हवाही पोटात जाते. दुधाने व हवेने फुगलेले जठर वरच्या श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधील घुमटाकार स्नायूला, डिवचते. तो एकाएकी आकुंचन पावून हवा आत खेचतो, परंतु जेमतेम 35 मिलिसेकंदांत कंठद्वार मिटल्याने ती अडते आणि उचकीचा आवाज उमटतो. त्या हिसक्याने बाळाचे सारे अंग हलते, तरी चेहऱ्यावर त्रासाची खूण सहसा नसते. कासावीस होतात ती भोवतालची मोठी माणसे.

हवेचे हे कारण खरे असले तरी पुरेसे नाही, कारण गर्भाशयात, जिथे गिळायला हवाच नसते, तिथेही सुमारे नवव्या आठवड्यापासून उचक्या सुरू होतात आणि शेवटच्या महिन्यांत आईला त्या एका लयीत बसणाऱ्या ठोक्यांच्या रूपाने जाणवतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी 13 नवजात बालकांच्या मेंदूतील विद्युतलहरी नोंदवून 2019 मध्ये असे मांडले, की प्रत्येक उचकीपाठोपाठ मेंदूच्या बाह्यपटलात लहरी उठतात आणि श्वसनाचे स्नायू ताब्यात आणायला मेंदू त्यातून शिकत असावा. उचकीमुळे जठरातील हवा वर निघून दुधाला जागा होते, हे दुसरे मत आकर्षक आहे खरे, पण गर्भातील उचकीचा उलगडा त्याने होत नाही.

कपाळावर ओल्या दोऱ्याचा तुकडा चिकटवण्याचा घरगुती उपाय निरुपद्रवी आहे, आणि उचकी बहुधा काही मिनिटांत आपोआपच थांबत असल्याने श्रेय मात्र दोऱ्याला मिळते. पाणी किंवा मध चाटवण्याबाबत इतके उदार राहता येत नाही: सहा महिन्यांपर्यंत वरचे पाणी देऊ नये आणि मधात असू शकणाऱ्या घातक जिवाणूंच्या बीजाणूंमुळे वर्षाच्या आत मध मुळीच देऊ नये. बाळ रडकुंडीला येण्यापूर्वीच पाजणे, मध्ये थांबून त्याला खांद्याशी उभे धरून ढेकर काढणे, एवढे बहुतेक वेळा पुरते. मात्र उचकीबरोबर हिरवट उलटी होत असेल, बाळ पिताना पाठ ताणून रडत असेल किंवा त्याचे वजन वाढत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे नेण्यास उशीर करू नये.