हिवाळ्याची गोडी

पुणे जिल्ह्यातील बारामती तालुक्यात सोमेश्वरनगर आहे. येथे सोमेश्वर सहकारी साखर कारखाना आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर या भागात ऊस पिकतो. दिवाळीच्या सुमारास कारखान्याचा हंगाम सुरू होतो. थंडीही तेव्हाच पडू लागते. त्यामुळे येथील हिवाळा म्हणजे उसाचे दिवस.

ऊस हिवाळ्यातच जास्त गोड का लागतो? पावसाळ्यात ऊस झपाट्याने वाढतो. पानांत तयार झालेली बरीच साखर या वाढीसाठी खर्च होते. थंडीत वाढ मंदावते आणि साखर कांड्यांत साठू लागते. बुडखा आधी पक्व होतो, म्हणून तो शेंड्यापेक्षा गोड लागतो. मराठीतील 'साखर' आणि उर्दूतील 'शकर' हे शब्दही 'शर्करा' या एकाच शब्दापासून आले आहेत.

याच दिवसांत गुऱ्हाळे चालू होतात. चरकातून निघालेला रस मोठ्या काहिलीत उकळतात. वर आलेली मळी काढून टाकतात. रस दाट होत जातो, तशी आधी काकवी तयार होते आणि मग गूळ. काहील केव्हा उतरवायची, हे गुळव्या ठरवतो. क्षणभर उशीर झाला, तर गूळ करपतो. जळणासाठी उसाचीच वाळलेली चिपाडे वापरतात. गुऱ्हाळावर आलेल्या पाहुण्याला रस दिल्याशिवाय शेतकरी सहसा परत पाठवत नाही.

जेथे कालव्याचे पाणी पोहोचत नाही, तेथे रब्बी ज्वारी पिकते. दाणे कोवळे व दुधाळ असताना कणसे गोवऱ्यांच्या आरात भाजतात आणि हातावर चोळून दाणे काढतात. हा हुरडा! त्याबरोबर लसणाची चटणी, गूळ आणि दही असते. हुरडा एकट्याने खाण्यात मजा नाही. शेकोटीभोवती सर्वांनी बसून तो खायचा असतो.

२२ डिसेंबरच्या सुमारास वर्षातील सर्वांत लहान दिवस येतो. लगेच २५ डिसेंबरला नाताळ असतो. ख्रिस्ती लोक या दिवशी येशू ख्रिस्तांचा जन्मदिवस साजरा करतात. मुसलमान त्यांना हजरत ईसा म्हणतात. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला. काही शाळांना या वेळी आठवडाभर सुट्टी असते. मग शहरातील मुले गावी येतात. ऊस खाणे, ओल्या हरभऱ्याचे घाटे सोलणे, उन्हात बसून गप्पा मारणे, या सुखांना पैसे फारसे लागत नाहीत.

पण याच हिवाळ्यात काही मुलांची शाळा सुटते आणि पुढे अनेक महिने भरत नाही. बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांची कुटुंबे येथे येतात. ती कोपीत राहतात. कडाक्याच्या थंडीत, उजाडण्यापूर्वीच आईवडील फडात जातात. दव पडलेल्या पाचटात उभे राहून ते ऊस तोडतात, मोळ्या बांधतात आणि गाडी भरतात. मुले धाकट्या भावंडांना सांभाळतात. हंगाम संपवून ती गावी परततात, तेव्हा वार्षिक परीक्षा जवळ आलेली असते. अशा मुलांसाठी महाराष्ट्रात अनेक कारखान्यांजवळ साखरशाळा सुरू झाल्या. जेथे त्या नसतात, तेथे मुलांना जवळच्या शाळेत बसवता येते. अशी दोन-चार मुले तुमच्या वर्गात आली, तर त्यांना आपल्या बाकावर जागा द्या. हुरडा सर्वांनी वाटून खायचा असतो. शाळाही तशीच सर्वांची असते.

शब्दार्थ
काहील – रस उकळण्याची मोठी, पसरट कढई
काकवी – दाट, पातळसर गूळ
कोपी – पाचटाची किंवा ताडपत्रीची लहान झोपडी
फड – तोडणी चालू असलेले उसाचे शेत
पाचट – उसाची वाळलेली पाने

स्वाध्याय
१. थंडीत उसाची गोडी का वाढते?
२. गुळव्याचे काम महत्त्वाचे का आहे?
३. ऊसतोड कामगारांच्या मुलांची शाळा का बुडते?
४. तुमच्या गावातील हिवाळ्याविषयी पाच वाक्ये लिहा.