फ्लॉरेन्सचा बाजार आणि कोल्हापूरचे महाराज

वाचकहो, इटलीत फ्लॉरेन्सला जाण्याचा योग आलाच, तर आर्नो नदीवरचा जुना पूल आधी बघा. पुलावर दोन्ही अंगांनी सोनारांची दुकाने आहेत. पूर्वी तिथे खाटीक बसत आणि घाण नदीत टाकत. १५९३ साली तिथल्या राजाने त्यांना उठवले आणि सोनार बसवले. दागिने मात्र डोळ्यांनीच घ्यावेत. भाव ऐकून मी पुढे सरकलो!

सान लोरेन्झोच्या बाजारात चामड्याचे पट्टे, पाकिटे, पिशव्या मिळतात. तिथे घासाघीस चालते, आठवडी बाजाराची सवय कामी येते. मी एक पट्टा घेतला.

पण एक संध्याकाळ राखून ठेवा. शहराच्या पश्चिमेला काशिने नावाचे मोठे उद्यान आहे. त्याच्या टोकाला मुन्योने ही लहान नदी आर्नोला मिळते. तिथे छत्रीखाली आपल्याकडचा फेटा बांधलेला अर्धपुतळा दिसतो आणि पाय थबकतात. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. विलायतेहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी ते इथे वारले. वय जेमतेम विशीचे! त्या गावी दहनाची चाल नव्हती. परवानगी काढून बरोबरच्या मंडळींनी या संगमावर रात्री अग्नी दिला. छत्री १८७४ सालची. ती आखणारे मेजर मँट, म्हणजे कोल्हापूरचा नवा राजवाडा आखणारेच.

छत्रीजवळून आता मोटारींचा मोठा पूल जातो. फ्लॉरेन्सचे लोक त्याला ‘हिंदी माणसाचा पूल’ म्हणतात.